कोंडा, भाकर आणि मजुरी



नैसर्गिक व सकस अन्न हा विषय वैद्य-डॉक्टरांचा समजला जातो. कामगार संघटनेत उमर घालवलेल्या माणसाने पगार, बोनस, हजेरी यांवर बोलावे, कोंड्यावर आणि भाकरीवर कशाला, अशी शंका कोणी काढली तर ती गैर नाही. आमच्या पाठीशी विद्यापीठाची पदवी नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, कंदिलाच्या नसल्या तरी मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात. पण त्या वाचनातून एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली आहे. माणसाने काय खावे आणि माणसाला मजुरी किती मिळावी हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. आपल्याच विदर्भात, वर्ध्यास, १९३५ साली हे दोन्ही प्रश्न एकाच मंडळींनी एकाच वर्षात हाती घेतले होते. पुढे त्यांची ताटातूट झाली, आणि त्या ताटातुटीचे फळ आज आसेगावच्या ताटात दिसते. हा इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

प्रथम कोंड्याची हकीकत पाहू. ती सुरू होते जावा बेटात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे डचांचे राज्य होते, आणि सैन्यात व तुरुंगांत बेरीबेरी नावाच्या रोगाने माणसे पटापट मरत होती. पाय लुळे पडत, अंगावर सूज येई, हृदय थकून जाई. क्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर या रोगाचा जंतू शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांना एकाएकी तसाच रोग जडला आणि काही महिन्यांनी तो आपोआप नाहीसाही झाला. चौकशी करता उलगडा झाला तो असा : मधल्या काळात या कोंबड्यांना लष्करी इस्पितळातील उरलेला पांढरा भात घालत असत. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देण्याचे नाकारले. मग त्यांना साधा, न चमकवलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या! कोंबड्यांचे प्राण औषधाने वाचले नव्हते. एका आचाऱ्याच्या काटेकोर हिशेबीपणाने वाचले होते.

पुढे जावातील तुरुंगांची पाहणी झाली. जेथे कैद्यांना गिरणीचा पांढरा तांदूळ मिळे तेथे बेरीबेरी फार, जेथे कोंड्यासह तांदूळ मिळे तेथे अगदी थोडी, असे दिसून आले. आइकमान यांनी हे १८९७ साली प्रसिद्ध केले. पांढऱ्या तांदळात काही विष असावे अशी त्यांची समजूत होती. विष नव्हे, कोंड्यात असलेले काहीतरी जाते म्हणून रोग होतो, हे १९०१ मध्ये त्यांच्या मागून आलेल्या ग्रेन्स यांनी सांगितले. १९१२ साली फुंक यांनी अशा द्रव्यांना 'व्हिटॅमिन' हे नाव दिले, आणि १९२९ साली आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, जो कोंडा आपण गुरांपुढे टाकतो त्यात माणसाचे पाय उभे ठेवणारे द्रव्य आहे, ही गोष्ट कोणा साधूने सांगितलेली नव्हे, ती तुरुंगातील कैद्यांच्या हालांतून सिद्ध झालेली आहे.

याचा आपल्याकडील आकडाही पाहून घ्या. हिंदुस्थानातील अन्नपदार्थांच्या पृथक्करणाची जी सरकारी कोष्टके आहेत, त्यांत १०० ग्रॅम हातसडीच्या तांदळात बी-१ जीवनसत्त्व ०.२१ मिलिग्रॅम दिले आहे. गिरणीत चमकवलेल्या तांदळात ०.०६. म्हणजे तीन हिश्श्यांपैकी दोन हिस्से यंत्रातच राहिले. याच कोष्टकात एक मौजेची नोंद आहे. धान आधी उकडून मग गिरणीत सडले तर पुन्हा ०.२१ हाच आकडा येतो, कारण उकडताना ते द्रव्य दाण्याच्या आत मुरते. कोकणातला उकड्या तांदळाचा भात खाणारी माणसे हे कोष्टक वाचून तसे करत नव्हती; पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवात शास्त्र असते ते असे.

हिंदुस्थानात हे काम दक्षिणेत कुन्नूर येथे चालले. १९१८ साली तेथे सुरुवात झाली तीही बेरीबेरीच्याच चौकशीने. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचा आहार उंदरांना घालून पाहिला. न चाळलेल्या गव्हाची रोटी, दूध, डाळ आणि भाजी हा शिखांचा आहार सर्वांत सरस ठरला. चमकवलेल्या तांदळावर भर असलेला मद्रासकडील गरिबांचा आहार सर्वांत निकस ठरला. मराठ्यांचा आहार वरच्या बाजूला होता. यात अभिमान वाटण्याजोगे आहेच, पण तो आहार आज आपल्या घरात किती उरला आहे हे विचारण्यासारखेही आहे.

आता वर्ध्याकडे वळू. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातील आपली बाग व घर त्यासाठी दिले, आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी नाव पडले. संघाची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आली. हे गृहस्थ पेशाने हिशेबतपासनीस, शिकलेले इंग्लंड-अमेरिकेत. त्यांनी खेड्याकडे पाहिले तेही हिशेबनिसाच्या नजरेने. धान खेड्यातून गिरणीत गेले की सडण्याची मजुरी खेड्यातून जाते, कोंडा जातो, आणि परत येतो तो निःसत्त्व तांदूळ. वर त्याचे दाम जास्त. तेलाचेही तेच, साखरेचेही तेच. संघाच्या सल्लागारांत रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बोस, रामन यांच्याबरोबर कुन्नूरचे मॅककॅरिसनही होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. गांधीजींनी डॉक्टरांची मते मागवून 'हरिजन' पत्रात छापली. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे न चाळलेले पीठ, साखरेऐवजी गूळ, घाण्याचे तेल आणि हिरवा पाला, असा तो कार्यक्रम होता. मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी बैलघाण्यात सुधारणा केली, ती तेलाचा उतारा वाढावा आणि बैलाचे व तेल्याचे कष्ट कमी व्हावेत म्हणून.

त्याच १९३५ साली मगनवाडीच्या स्वयंपाकघरात आणखी एका धान्याचा प्रयोग झाला. ते धान्य म्हणजे सोयाबीन! गरिबाला स्वस्तात प्रथिने मिळावीत म्हणून गांधीजींनी ते स्वतः खाऊन पाहिले, 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले. आज ज्या पिकाने आपला वाशीम जिल्हा पावसाळ्यात हिरवागार दिसतो, ते पीक ८०-९० वर्षांपूर्वी येथून जवळच एका ताटात वाढले गेले होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नैसर्गिक म्हणजे कच्चे नव्हे. सोयाबीन कच्चे खाल्ले तर त्यातील प्रथिने पचत नाहीत. भिजवून, नीट शिजवूनच ते खावे लागते. गांधीजींनी १९२९ साली साबरमतीस न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता, आणि तो प्रकृतीस मानवला नाही तेव्हा सोडूनही दिला. आंबील आंबवणे, मटकीला मोड आणणे, धान उकडणे या सगळ्या प्रक्रियाच आहेत आणि त्या अन्नाचे गुण वाढवतात. आक्षेप आहे तो अन्नातले सत्त्व काढून उरलेले विकणाऱ्या प्रक्रियेवर. आणि ती प्रक्रिया का होते? कोंड्यात तेल असते, ते हवेने खवट होते. कोंडा काढलेला तांदूळ आणि मैदा महिनोन् महिने गोदामात टिकतो, लांब पाठवता येतो. टिकाऊपणाचा लाभ व्यापाऱ्याचा आणि सत्त्वाची तूट खाणाराची, असा हा सौदा आहे.

आता मुख्य मुद्दा. ज्या मंडळींनी सकस अन्नाचा प्रचार चालवला, त्यांच्यापुढे लवकरच एक अवघड प्रश्न उभा राहिला. वर्ध्याच्या परिसरात सूत कातणाऱ्या बाईला दिवसभराच्या कताईचे जे पैसे पडत, त्यांत ती डाळ आणि दूध आणणार कोठून? तिला आहारावर व्याख्यान देणे म्हणजे भुकेल्यापुढे पाकशास्त्र वाचणे होय. नालवाडीस विनोबांनी केवळ कताईच्या मजुरीवर पोट भरण्याचा प्रयोग करून पाहिला. तेव्हा ती मजुरी किती तुटपुंजी आहे हे त्यांच्या अंगावर उमटले. गांधीजींनी आठ तासांच्या कामाला आठ आणे मजुरी असावी असा आग्रह धरला. खादी महाग होईल, खप पडेल, असे सहकारीच म्हणू लागले. अखेर आठ आणे नव्हेत, पण तत्त्व मान्य झाले. ऑक्टोबर १९३५ मध्ये चरखा संघाने ठराव केला की आठ तासांच्या चांगल्या कामाला कातणाराला निदान अंगभर कपडा आणि शास्त्राने ठरवलेले किमान अन्न मिळेल इतकी मजुरी द्यावी. तूर्त तीन आण्यांचे मान धरले गेले.

श्रोते हो, आमच्यासारख्या कामगार कार्यकर्त्याच्या दृष्टीने हा ठराव फार मोलाचा आहे. मजुरी बाजारात काय पडते हे न पाहता, कामकऱ्याच्या ताटात काय पडले पाहिजे हे आधी ठरवा आणि त्यावरून मजुरी मोजा, असे तो सांगतो. वर्ध्यास अन्नशास्त्र आणि मजुरीशास्त्र एका चुलीवर शिजले ते असे.

पुढे काय झाले? स्वातंत्र्यानंतर दोन्ही प्रश्न सरकारदरबारी गेले, पण दोन वेगवेगळ्या दारांनी. अन्नाचा प्रश्न ग्रामोद्योगाच्या दाराने गेला. १९५५ साली दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हातसडीच्या धंद्याला संरक्षण द्यावे असे सुचवले. १९५८ साली भातगिरण्यांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. पण गिरण्या वाढतच गेल्या, आणि १९९७ साली तो कायदाही रद्द झाला. त्याच्या अपयशाचे खापर सरकारवर फोडून मोकळे होणे आम्हांस पटत नाही. हातसडी कोण करणार होते? बाई. मुसळ कोणाच्या हाती होते? बाईच्या. पहाटे चारला उठून जाते ओढायचे, मग पाणी, मग चूल, मग दिवसभर निंदण. जात्यावरच्या ओव्या ऐकायला गोड असतात, पण त्या म्हणणारीच्या खांद्याला विचारा. पिठाची गिरणी गावात आली त्या दिवशी बायांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो योग्यच होता. ज्या कार्यक्रमाचा सगळा भार बिनपगारी खांद्यावर पडतो, तो कार्यक्रम कितीही पवित्र असला तरी टिकत नाही.

वस्तुतः भांडण यंत्राशी नव्हतेच. गावातल्या चक्कीत ज्वारी दळली तर कोंडा पिठातच राहतो. तो जातो आपण चाळणीने काढला तर. धानाचे नुसते टरफल काढून कोंडा तसाच ठेवणारी रबरी रुळांची यंत्रेही आहेत. म्हणजे बाईचे श्रम वाचवणारे आणि धान्याचे सत्त्व राखणारे यंत्र असू शकते. यंत्र काय काढते, बाईचे कष्ट की दाण्याचा कोंडा, एवढेच पाहायचे आहे.

मजुरीचा प्रश्न दुसऱ्या दाराने गेला. जुलै १९५७ मध्ये दिल्लीस पंधरावी भारतीय कामगार परिषद भरली. किमान वेतन कसे मोजावे याचे सूत्र तिने ठरवले : एका मिळवत्यामागे तीन खाणारे धरावेत, कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, जळण व इतर खर्च, आणि अन्न डॉक्टर आयक्रॉइड यांच्या मताप्रमाणे माणशी २७०० कॅलरी. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी वगैरेंसाठी २५ टक्के जोडले. वेतनाच्या प्रत्येक वाटाघाटीत आम्ही हे सूत्र मालकांपुढे ठेवत आलो आहोत. पण आयक्रॉइड कोण? मॅककॅरिसन यांच्यानंतर कुन्नूरची प्रयोगशाळा चालवणारे शास्त्रज्ञ. १९४० साली हिंदुस्थानातील तांदळाच्या प्रश्नावर, म्हणजे सडण्याने व धुण्याने जाणाऱ्या सत्त्वावर, त्यांनी अख्खा ग्रंथ लिहिला होता. परिषदेने त्यांचा आकडा घेतला आणि सूत्रात तेवढाच लोकांच्या ध्यानात राहिला. त्यांचा इशारा मागे पडला. २७०० कॅलरी पांढरा भात, साखर आणि वनस्पती तुपानेही भरतात. पोट भरते, अंग भरत नाही.

वनस्पती तुपाचे नाव निघाले म्हणून सांगतो. गांधीजींनी त्याला विरोध केला तेव्हा त्यांना जुनाट म्हणून हिणवले गेले. तेल घट्ट करताना ज्या चरब्या तयार होतात त्या हृदयाला घातक आहेत हे नंतर सिद्ध झाले, आणि जानेवारी २०२२ पासून अशा चरबीचे प्रमाण २ टक्क्यांच्या वर असू नये असा नियम आपल्या देशात झाला. मधल्या काळात ज्यांनी स्वस्त म्हणून ते खाल्ले ते बहुतांशी आपलेच लोक.

आता जे सांगायचे ते ज्वारीच्या भक्तांना कदाचित रुचणार नाही. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग आढळे; उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, पुढे बुद्धिभ्रंश. हैदराबादच्या संस्थेत, म्हणजे कुन्नूरहून हललेल्या त्याच प्रयोगशाळेत, डॉक्टर गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास त्याचा शोध घेतला. ही ज्वारी कोंड्यासकट होती, घरच्या जात्यावर दळलेली होती. तरी रोग झाला. कारण ताटात ज्वारीशिवाय दुसरे काही नव्हते. डाळ नाही, दूध नाही, भाजी नाही. ज्यांच्या ताटात ही सोबत होती त्यांना तीच ज्वारी मानवत होती. म्हणून आम्ही म्हणतो, नुसते धान्य सकस असून भागत नाही, ताट सकस असावे लागते. आणि ताट मजुरीने भरते.

आता आपल्या आसेगावकडे येऊ. वऱ्हाडचे मुख्य अन्न ज्वारीची भाकर. तिच्यासोबत तुरीचे वरण, चून, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. पावसाळ्यात तरोट्याचा पाला, थंडीत हुरडा. यातले प्रत्येक कोंड्यासकट, बियांसकट खाल्ले जाई. गेल्या ३०-४० वर्षांत शेत बदलले. ज्वारीला भाव नाही, काढणीला मजूर लागतात, कणसावर पाखरे आणि उभ्या पिकात रानडुकरे; ऐन दाणे भरताना पाऊस झाला तर दाणा काळा पडतो. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत हाती रोख देते आणि हरभऱ्याला रान मोकळे करते. जनावरे कमी झाली, म्हणून कडब्याचीही गरज उरली नाही. शेतकऱ्याने हिशेब केला आणि ज्वारी सोडली. त्याला दोष देता येत नाही.

पण परिणाम पाहा. सोयाबीनमध्ये शेकडा ४० च्या आसपास प्रथिने असतात. बाजार समितीच्या आवारात आपला हमाल ५० किलोचे पोते पाठीवर घेऊन मालमोटारीत चढवतो; ते सोयाबीन कारखान्यात जाते, तेल निघते, आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला व परदेशी जाते. तो हमाल संध्याकाळी घरी जाऊन रेशनचा पांढरा भात खातो. जावामध्ये कोंबड्यांना निकस भात मिळाला म्हणून त्या आजारी पडल्या. आज सकस पेंड कोंबड्यांना आणि निकस भात माणसाला, असा क्रम लागला आहे. २०१८ साली देशातील मागास म्हणून जे 'आकांक्षित' जिल्हे निवडले गेले त्यांत वाशीम होता, आणि त्या निवडीच्या कसोट्यांत आरोग्य व पोषण हेही होते.

सरकारी कागदावर याचा उपाय नाही असे नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे तिन्ही लिहिले होते. जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट झाले. २०२३ हे वर्ष जगभर भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' हे भारदस्त नाव मिळाले. पण आपल्याकडे रेशनच्या पिशवीत मुख्यतः तांदूळ आणि गहूच येत राहिले. त्याच सुमारास, २०२१ च्या घोषणेप्रमाणे, रेशनच्या तांदळात लोह व जीवनसत्त्वे घातलेले कृत्रिम दाणे मिसळले गेले. आधी गिरणीत लोह घासून काढायचे आणि मग कारखान्यात बनवून परत मिसळायचे, असा हा दुहेरी धंदा! रक्तक्षयाने पिडलेल्या बाईला त्या दाण्यांचा उपयोग होत असेल तर आम्ही त्याला नाव ठेवणार नाही. पण आपल्या मातीत पिकणाऱ्या ज्वारीत मुळातच पांढऱ्या तांदळाहून कितीतरी अधिक लोह आहे, तेव्हा ती आधी का मिळू नये, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

सकस अन्न आज शहरात एक चैन होऊ पाहत आहे. घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ, ज्वारीचे पीठ सुबक पुड्यांत दुप्पट-तिप्पट भावाने विकले जाते. ज्यांच्या आजीने ती ज्वारी कांडली त्यांच्याच नातवाला ती परवडत नाही. वर्ध्याच्या मंडळींना हे अभिप्रेत नव्हते.

तेव्हा करायचे काय? घरात करण्याजोगे थोडे आहे : पीठ चाळू नये, आठवड्यापुरतेच दळून आणावे, भाकरीसोबत डाळ आणि पाला असावा, आणि या कामात पुरुषांनीही हात घालावा. पण खरे काम घराबाहेर आहे. जिल्ह्यात पिकलेली ज्वारी हमीभावाने खरेदी करून जिल्ह्यातच रेशनवर, अंगणवाडीत आणि शाळेच्या जेवणात द्यावी; तरच शेतकरी ती पुन्हा पेरील. आणि वेतनाची वाटाघाट होईल तेव्हा २७०० या आकड्याबरोबर डाळ, दूध, भाजी व सकस धान्य यांचा आजचा बाजारभाव मांडावा. आमच्या संघटनेने हा हिशेब बाजारातील भाव घेऊन मांडावयास सुरुवात केली आहे. ज्या भगिनी घर चालवतात त्यांना हे भाव आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. त्यांनी आपला महिन्याचा हिशेब आणून दिला, तर पुढच्या मागणीपत्रात अन्नाचा आकडा त्यांच्या हिशेबावरून लिहिला जाईल.